बारावी सायन्स आणि सीईटी : रोज मोडणाऱ्या वेळापत्रकाच्या जागी काय आखावं?

घनमूळ (धागाकर्ता)

जून उजाडला की बारावीच्या मुलांच्या भिंतीवर स्केचपेनने रंगवलेलं वेळापत्रक लागतं. पहाटे ५ ते ६ फिजिक्स, ६ ते ७ केमिस्ट्री, संध्याकाळी ६ ते ८ मॅथ्स, ९ ते ११ रिव्हिजन. दोन आठवड्यांत ते मोडतं आणि मुलं धरून चालतात की आपल्यातच चिकाटी नाही. खरं तर दोष आखणीचा असतो, आणि तो कुठे आहे हे नेमकं दाखवता येतं.

त्यातले कप्पे एकमेकांना चिकटलेले असतात. क्लास ४० मिनिटं उशिरा सुटला की ६ चं मॅथ्स ६:४० ला सुरू होतं, ८ ला अर्धवट राहतं, जेवणानंतरच्या रिव्हिजनमध्ये घुसतं, झोप साडेबारावर जाते आणि दुसऱ्या दिवशीचं पहाटेचं फिजिक्स बुडतं. शिवाय '६ ते ८ मॅथ्स' म्हणजे नक्की काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वही उघडून 'आज काय घेऊ' हे ठरवण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि हाताला जे सोपं तेच पुढे ओढलं जातं. मॅट्रायसेस चार वेळा होतात, इंटिग्रेशन एकदाही होत नाही.

तिसरी गोष्ट अंदाजाची. १९९४ साली कॅनडातल्या ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे दीडपटीहून जास्त. हे आळशी मुलांपुरतं नाही, माणसाचा अंदाजच असा चुकतो. म्हणून पहिला नियम असा की कुठल्याही कामाला जो वेळ मनात येईल, त्याची दीडपट कागदावर धरा.

आता आखणी. आधी पाच दिवस काहीही न बदलता फक्त नोंद करायची: अभ्यासाला प्रत्यक्ष कधी बसलो, कधी उठलो. कॉलेज ७:३० ते १२:३० आणि क्लास २:३० ते ५:३० असेल तर कागदावर रोज सव्वाचार तास मोकळे दिसतात. नोंदीत ते तीनच्या आसपास निघतात. आखणी तीन तासांचीच करा. त्याचे ४५ मिनिटांचे चार तुकडे पाडा. हे तुकडे घड्याळाला बांधायचे नाहीत. दिवसाच्या खुंट्या आधी ठोका: कॉलेज, क्लास, जेवण, झोप. त्यांच्या मधल्या जागेत तुकडे सरकू द्या.

प्रत्येक तुकड्यावर क्रियापद आणि आकडा हवा. 'रोटेशनल डायनॅमिक्स करणे' चालणार नाही. 'पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम न बघता लिहिणे, मग स्वाध्यायातली ५ उदाहरणं' असं लिहा. तुकडा संपला की नाही हे दुसऱ्या माणसालाही कळलं पाहिजे.

रोज रात्री दहा मिनिटं, पाठकोऱ्या कागदावर उद्याच्या चार ओळी लिहा. वरच्या दोन 'व्हायलाच हव्यात', खालच्या दोन 'झाल्या तर उत्तम'. खाली कोपऱ्यात दहा-पंधरा मिनिटांची किरकोळ कामं: जर्नलमधली एक आकृती, व्याख्या, एखादा आलेख. डायरी नको, कारण डायरीत कालचं न झालेलं पान सारखं समोर येतं. कागद रात्री फाडता येतो.

निळी शाई

घनमूळ, मांडणी पटली. एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. लवचिक आखणीत पहिला बळी जातो तो नावडत्या विषयाचा. 'नंतर बघू' म्हणायची मुभा मिळाली की ऑरगॅनिक केमिस्ट्री दर वेळी चौथ्या तुकड्यावर जाते, आणि चौथा तुकडाच सर्वांत जास्त वेळा बुडतो. महिनाभरात पाहा, हॅलोजन डेरिव्हेटिव्हज तिथेच पडलेलं असेल.

यावर दोन उपाय. टाळला जाणारा विषय पहिल्या तुकड्यात ठेवा, पण त्याची सुरुवात पंधरा मिनिटांत होईल एवढी लहान करा. 'एसएन-वन आणि एसएन-टू यांतले चार फरक पुस्तक उघडं ठेवून लिहिणे' एवढंच. पंधरा मिनिटांनंतर उठायची परवानगी आहे. बहुतेक वेळा मूल उठत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या तुकड्याची सुरुवात ठरलेली हवी, फक्त ती घड्याळाला न बांधता एखाद्या घटनेला बांधा. 'क्लासवरून आलं, हातपाय धुतले, चहा घेतला, कप मोरीत ठेवला की लगेच टेबलाशी.' जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं आहे: 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधी ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा होतं. क्लास ५:३० ला सुटो की ६:१० ला, चहा तर होतोच. साखळी तुटत नाही.

अर्धी वही

दिवसाइतकाच आठवड्याचा हिशेब महत्त्वाचा, किंबहुना जास्तच. दिवस बिघडणारच असतो, सावरायची जागा आठवड्यात असते.

रोज ४ प्रमाणे ७ दिवसांचे २८ तुकडे. त्यातले २२ भरा, ६ मोकळे ठेवा. २२ ची वाटणी पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मुलासाठी साधारण अशी: मॅथ्स ७, फिजिक्स ५, केमिस्ट्री ५, सीईटीसाठी (राज्याची प्रवेश परीक्षा) अकरावीचे धडे २, दोन भाषा मिळून २, जर्नल १. मोकळे सहा हे सुट्टीचे नव्हेत. बुडालेलं काम तिथे जातं. काही बुडालं नाही तर पुढच्या आठवड्यातलं ओढून घ्या किंवा खरंच खेळायला जा. ते वरचेवर 'उपयोगात आणायचा' मोह आवरा. मोकळी जागा भरली की आपण पुन्हा भिंतीवरच्या वेळापत्रकावर येऊन पोचतो.

वर्षाचं गणितही करून पाहण्यासारखं आहे. राज्य मंडळाच्या बारावीत फिजिक्सचे १६, केमिस्ट्रीचे १६ आणि मॅथ्सचे दोन भाग मिळून १५ धडे, एकूण ४७. जूनच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत २६ आठवडे दिसतात. गणपती, दिवाळी आणि सहामाही परीक्षा वजा जाता कामाचे २२ धरा. वरच्या वाटणीत पीसीएमचे १७ तुकडे, म्हणजे ३७४. भागिले ४७. एका धड्याला सरासरी ८ तुकडे, सहा तास. त्यात वाचन, लेखन, उदाहरणं आणि पहिली उजळणी सगळं आलं.

सरासरी मात्र फसवी असते. इनडेफिनिट इंटिग्रेशनला १५ तुकडे सहज लागतात, ग्रीन केमिस्ट्रीचा धडा २-३ मध्ये होतो. धडा सुरू करतानाच पहिल्या पानावर पेन्सिलीने '८' किंवा '१४' असा आकडा टाका आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक रेघ मारा. सहा धड्यांनंतर तुमचा अंदाज कुठे चुकतो ते रेघाच सांगतात. बहुतेकांचा उदाहरणांच्या धड्यांत चुकतो, सिद्धांताच्या धड्यांत नाही.

आणि थकबाकीचा नियम. एखादा तुकडा दोनदा पुढे ढकलला गेला तर तिसऱ्यांदा तसाच ढकलायचा नाही. एक तर तो मोडून निम्मा करा, किंवा सरळ खोडा. थकबाकीच्या यादीत सहापेक्षा जास्त ओळी नकोत, कारण मोकळे तुकडेच सहा आहेत. सातवी ओळ आली की एक गेली पाहिजे. वीस ओळींची थकबाकी बघून कुणीही अभ्यासाला बसत नाही.

पायवाट

माझी मुलगी बारावीला आहे. कॉलेज तालुक्याला, एसटीने जाऊन-येऊन दोन तास. क्लास नाही. संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नाही. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे. तिला हे कसं लागू होईल?

घनमूळ

पायवाट, उलट तुमच्याकडे हीच पद्धत जास्त चालेल. तिच्यासाठी तुकड्यांची वर्गवारी विषयाप्रमाणे करू नका, 'कशाची गरज आहे' यावरून करा. टेबल, पेन आणि उजेड लागणारी कामं: फिजिक्सची उदाहरणं, डेरिव्हेशन, बायोलॉजीच्या आकृत्या. फक्त डोळे लागणारी: वाचन, सोडवलेली उदाहरणं तपासणं. फक्त तोंड आणि डोकं लागणारी: व्याख्या म्हणून बघणं, रिअ‍ॅक्शनच्या अटी आठवणं. नेट लागणारी: व्हिडिओ, ऑनलाइन चाचणी.

रात्रीच्या कागदावर या प्रत्येक प्रकारातली किमान एक ओळ असू द्या. वीज असेपर्यंत पहिल्या प्रकारातलंच काम घ्यायचं, मग तो विषय कुठलाही असो. वीज गेली की तोंडी. नेटचं काम एका बैठकीत उरकायचं आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. एसटीत वाचू देऊ नका, हलत्या गाडीत अनेकांना मळमळतं आणि पुढचा तासही वाया जातो. जाताना आठवणं, येताना डोळे मिटून बसणं. येतानाचा तास विश्रांतीचा म्हणूनच धरा, म्हणजे घरी आल्यावरचा तुकडा ताजा मिळतो.

तिच्या बायोलॉजीची दोन अंगं आहेत. बोर्डाला ७० गुणांचा लेखी पेपर, त्यात नावं दिलेल्या आकृत्या. सीईटीला ९० मिनिटांत १०० प्रश्न. एकाच धड्याचे दोन वेगळे तुकडे पाडा: एक लिहिण्याचा, एक पर्याय निवडण्याचा. दोन्ही एकाच बैठकीत घेतले तर पर्याय सोपे वाटतात, कारण उत्तर नुकतंच लिहिलेलं असतं. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

तीळगूळ

तोंडी कामासाठी चिठ्ठ्यांची पद्धत सांगते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली. पुठ्ठ्याचा चपलांचा खोका घ्या, आडवे पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या. पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. 'कॅनिझारो रिअ‍ॅक्शन कोणत्या अल्डिहाइडवर होते?' मागे: 'अल्फा हायड्रोजन नसलेल्या'. 'त्याला काय लागतं?' ही वेगळी चिठ्ठी, मागे: 'तीव्र अल्कली'. दोन्ही एकाच चिठ्ठीवर कोंबलं की अर्धं बरोबर आलं तरी मूल पूर्ण बरोबर धरतं.

पहिला कप्पा रोज, दुसरा दर २ दिवसांनी, तिसरा ४, चौथा ८, पाचवा १६ दिवसांनी. बरोबर आली तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली तर थेट पहिल्यात.

इथे एक चूक हमखास होते: उत्साहात दिवसाला २५-३० नव्या चिठ्ठ्या करणं. प्रत्येक चिठ्ठी पाचही कप्प्यांतून जाते, म्हणजे किमान पाच वेळा हातात येते. रोज १० नव्या केल्या तर महिन्याभरानंतर रोजच्या उजळणीत ५० चिठ्ठ्या असतात. एकीला १० सेकंद धरले तर साडेआठ मिनिटं, चुकलेल्या धरून पंधरा. हे जमतं. रोज २५ केल्या तर १२५ चिठ्ठ्या होतात, चुकलेल्या धरून पाऊण तासाच्या जवळ जातं, आणि खोका आठवडाभरात माळ्यावर. दहाच्या वर जाऊ नका.

चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. मनात 'येतंय' म्हणून उलटली की फायदा गेला. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा चार सत्रांत नुसता वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं ४० टक्के आठवलं, तर एका सत्रात वाचून तीन सत्रांत न बघता आठवणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून मी 'रिव्हिजन' हा शब्दच कागदावर लिहू देत नाही. त्याचा अर्थ पिवळा मार्कर घेऊन पुन्हा वाचणं असा होतो.

निळी शाई

तीळगूळ, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं.

पायवाट, तुमच्यासाठी आणखी एक. तिच्या पुस्तकात 'वाईट दिवसाचा कागद' कायमचा घडी घालून ठेवा. ताप, पाहुणे, लग्न, वीज नाही, अशा दिवशी एवढंच: चिठ्ठ्या १५ मिनिटं, एक डेरिव्हेशन न बघता लिहिणं १५ मिनिटं, उद्याचा कागद १० मिनिटं. ४० मिनिटं आणि दिवस पूर्ण झाला असं धरायचं. हा कागद चांगल्या दिवशी लिहावा लागतो. वाईट दिवशी काय जमेल हे ठरवायचीही ताकद नसते, मग सगळंच सुटतं.

गणपतीचे दिवसही असेच आधीच कमी करा. त्या आठवड्यात २२ ऐवजी ११ तुकडे लिहा. आरतीच्या वेळी मूल अपराधी चेहऱ्याने उभं राहिलं तर ना आरती होते ना अभ्यास.

चौथा बाक

सगळं वाचलं. मला एका ठिकाणी ठाम विरोध नोंदवायचा आहे. लवचिकपणा डिसेंबरपर्यंत ठीक. पूर्वपरीक्षेनंतर तसंच चालू ठेवलं तर नुकसान होतं, कारण परीक्षा सरकत नाही. बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर ११ ते २ असतो. वर्षभर रात्री १० ला उदाहरणं सोडवणाऱ्याचं डोकं दुपारी १ ला जड होतं.

म्हणून जानेवारीपासून आठवड्यात दोन सराव पेपर बरोबर ११ ला. घड्याळ लावून, मध्ये न उठता, खऱ्या उत्तरपत्रिकेसारख्या बांधलेल्या कागदांवर. फिजिक्सचा ७० गुणांचा पेपर असा वाटलेला असतो: १० गुणांचे बहुपर्यायी, ८ गुणांचे एका वाक्यातले, मग २ गुणांचे बारापैकी आठ, ३ गुणांचे बारापैकी आठ, ४ गुणांचे पाचपैकी तीन. १८० मिनिटांत ७० गुण, म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटं. ३ गुणांच्या प्रश्नाला साडेसात मिनिटं, ४ च्या प्रश्नाला १०. या हिशेबाने सगळं मिळून १७५ होतात, हातात फारसं काही उरत नाही. त्यामुळे बहुपर्यायी आणि एका वाक्यातले १८ गुण ३० मिनिटांत संपले पाहिजेत. तिथे वाचलेली पंधरा मिनिटं तपासणीला लागतात. बारापैकी कुठले आठ सोडवायचे हे ठरवण्यातच वेळ घालवणारी मुलं पुष्कळ असतात. तो निर्णयसुद्धा सरावाचाच भाग आहे.

सीईटीचं आणखी वेगळं. पीसीएमला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रश्नाला १०८ सेकंद आणि २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात अकरावीचे ठरावीकच धडे दिलेले असतात, ते आधी छापून घ्या. सगळी अकरावी पुन्हा काढून बसू नका.

सरावचाचणीनंतरचं विश्लेषण हा स्वतंत्र तुकडा, खरं तर दोन. चुकांचे तीन ढीग करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. पहिल्या ढिगातलं पुढच्या आठवड्याच्या कागदावर जातं. दुसऱ्या ढिगासाठी नवीन अभ्यास लागत नाही. चिन्ह, एकक, प्रश्नातला 'नाही' हा शब्द, यांतली कुठली चूक पुन्हा पुन्हा होते तेवढंच लिहून पुढच्या चाचणीआधी वाचायचं. तिसऱ्यासाठी घड्याळ. हे तीन एकत्र केले की मूल 'मॅथ्स कच्चं आहे' म्हणून सगळं पुस्तक पुन्हा काढतं आणि मूळ चूक तशीच राहते.

घनमूळ

चौथा बाक, मान्य. जानेवारीपासून सराव पेपर ही आणखी एक खुंटी झाली असं समजू. तिच्या आजूबाजूचं पुन्हा सरकतंच राहील: ११ ते २ पेपर, त्या दिवशी उरलेले तुकडे फक्त दोन.

दिवस मध्येच कोसळला तर काय, हे राहिलं होतं. समजा मंगळवारी चार तुकडे आहेत: इंटिग्रेशन बाय पार्ट्सची ८ उदाहरणं, केमिकल कायनेटिक्सचं फर्स्ट ऑर्डर समीकरण काढणं, इंग्रजीचा एक रायटिंग स्किल प्रश्न, अकरावीच्या ग्रॅव्हिटेशनचे २० बहुपर्यायी. क्लास तासभर लांबला, घरी आत्या आलेल्या. साडेसात वाजले आणि एकही झालं नाही. मुलं इथे सगळे चार रात्री १ पर्यंत ओढायचा प्रयत्न करतात. तसं करू नका. कागदावर आडवी रेघ मारा, वेळ टाका, आणि रेघेखाली नव्याने फक्त दोनच लिहा. इंटिग्रेशनची ८ ची ५ करा. कायनेटिक्स तसंच. इंग्रजी मोकळ्या तुकड्यात, ग्रॅव्हिटेशन पुढच्या आठवड्यात. दोन मिनिटांचं काम आहे. झोपेच्या खुंटीला हात लावायचा नाही, कारण ती सरकली की बुधवारही गेला.

पायवाट

खूप उपयोग झाला. आजच मुलीला सगळं वाचून दाखवलं, खोका तिने लगेच शोधला. एक विचारायचं राहिलं. आम्ही आईवडिलांनी नेमकं काय करायचं? मी रोज 'किती तास झाले' विचारतो, ती चिडते.

अर्धी वही

तास विचारू नका. तास विचारले की मूल तासच दाखवतं, पुस्तकासमोर बसून. रात्री कागद फाडण्याआधी 'आज काय खोडलं' एवढंच विचारा. एकही ओळ खोडली नसेल तर कारण विचारायच्या आधी 'उद्याची पहिली ओळ लहान करूया का' हे विचारा. सलग तीन दिवस कोरे गेले तर आखणी जड झाली आहे असं समजून दिवसाचे ४ चे ३ तुकडे करा, दोन आठवड्यांनी पुन्हा ४.

दुसरं, वीज असते त्या वेळेत तिला दळण आणायला, पाणी भरायला पाठवू नका. तुमच्या भागात वीज कधी असते याची आठवडाभर नोंद घरातल्या कुणीतरी ठेवा. पहिला तुकडा त्या वेळेत बसला की बाकीचे तीन ती स्वतः बसवेल.

रविवारी अर्धा तास तिच्यासोबत बसा, रेघा मोजा. पेन तिच्याच हातात असू द्या.